मनगटावरचा थेंब

थेंब पडला तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत कपाटाच्या मागे गेलेला होता. पडला तो नेमका मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याच्या जरा वर, आणि इतका गार की क्षणभर तिला वाटलं, कुणी तरी बोट लावलं. एका सैल पट्टीचा स्क्रू आवळायला ती वाकली होती. दोन मिनिटांचं काम. हात बाहेर काढला आणि काढता काढता, पंचवीस वर्षांच्या सवयीनं, मनगट पँटीवर पुसून टाकलं. पँट गडद निळी. तिच्यावर एवढासा ओला डाग उठला आणि कापडात जिरून गेला. मग तिच्या लक्षात आलं की आपण काय पुसलं, आणि ती तशीच, अर्धवट वाकलेली, स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून उभी राहिली. सकाळचे पावणेअकरा झाले होते.

या दालनात पाणी नळीच्या बाहेर असायचं कारणच नव्हतं. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच काळी कपाटं, कपाटांत थरावर थर रचलेले कॉम्प्युटर. शहरातल्या रुग्णालयांत दिवसभर माणसांच्या पोटांची, मेंदूंची, गुडघ्यांची जी चित्रं निघायची ती सगळी इथे यायची आणि कॉम्प्युटर ती चाळून डॉक्टरांना सांगायचे, इथे जरा नीट बघा. एवढा विचार करायचा म्हणजे डोकं तापणारच. पूर्वी मोठमोठे पंखे लावून त्यांना वारा घालत. दालनात उभं राहिलं तर शेजारच्याच्या कानात ओरडावं लागे. आता प्रत्येक कॉम्प्युटरच्या तापणाऱ्या भागावर तांब्याची चपटी डबी बसवलेली होती. तिच्यात एका नळीनं गार पाणी जायचं आणि दुसरीनं तापून बाहेर यायचं. इथल्या लोकांना कॉम्प्युटर कळत होते, पाणी कळत नव्हतं. म्हणून त्यांनी दूध डेअरीतून तिला आणलं होतं. पाणी आणि वीज एका कपाटात नांदवायची म्हणजे दोन सवतींचा संसार मांडून देण्यासारखं होतं, आणि तिनं तो मांडून दिला होता. दोनशे बारा सांधे. प्रत्येक सांधा तिनं हातानं आवळलेला, दोन दिवस दाबाखाली ठेवून तपासलेला आणि शेवटी कागदावर ‘ठीक’ असं लिहून खाली सही केलेली. ते ‘ठीक’ तिला आत्ता, तिच्याच ठसठशीत अक्षरात, डोळ्यांसमोर दिसत होतं.

तिनं बॅटरी लावून वर पाहिलं. डोक्यावरून जाणारा मुख्य पाइप, त्यातून फुटणाऱ्या नळ्या, सांधे. सगळं कोरडं वाटत होतं. उजेडात पितळ नुसतं चकाकत होतं. ती थांबली. दुसरा थेंब पडेना. आपल्याला भास झाला असेल का? पण मनगटावर ती गार जागा अजून होती, आणि मनगट खोटं बोलत नाही. डोकं मात्र बोलायला लागलं होतं. एक थेंब तर होता. कुणी पाहिला नाही. चार वाजता मोठे पाहुणे यायचेत, सगळ्या रुग्णालयांचे मुख्य डॉक्टर. त्यांना दालन दाखवायचंय, मग पुढची आठ कपाटं मंजूर व्हायची. आत्ता तोंड उघडलं तर ही रांग बंद करावी लागेल आणि तिकडे रुग्णालयात माणसं पालथी-उताणी पडून तपासणीची वाट बघत बसतील. कशासाठी? एका थेंबासाठी, जो आता पँटीतसुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार वाजू देत, पाहुणे जाऊ देत, मग निवांत बघू. ‘मग बघू’ हे शब्द मनात आले मात्र, आणि ती दचकली. हे शब्द तिच्या ओळखीचे होते.

“ताई, पाय.”

सफाईवाल्या मावशी होत्या. लांब दांड्याचं ओलं फडकं घेऊन त्या तिच्या बुटांशी येऊन थांबल्या होत्या.

“आत्ताच तर पुसलंत ना मावशी?”

“दोनदा पुसलं. ही तिसरी खेप. साहेब म्हणाले, आरशासारखी फरशी पाहिजे. मी म्हटलं, आरशासारखी पाहिजे तर आरसाच टाका. तर हसले नाहीत.” मावशी तिच्याकडे निरखून बघत म्हणाल्या, “तुम्हाला बरं नाही का? चेहरा असा का झालाय?”

“काही नाही. चहा घेऊन येते.”

“घ्या. आणि येताना दार ओढू नका. उघडंच ठेवायला सांगितलंय, फरशी वाळायला.”

चहाच्या खोलीत कुणी नव्हतं. खिडकीबाहेर एक माणूस शिडीवर चढून समोरच्या दुकानाची पाटी धूत होता, आणि त्याचा सोबती खालून त्याला दिसेल तो डाग बोटानं दाखवत होता. तिनं चहा घेतला आणि पेला दोन्ही हातांत धरून बसली. डेअरीतही असंच दोन्ही हातांत पेला धरून बसायची. तिथे हात नेहमी गार पडलेले असायचे. एकोणतिशीची होती. साऱ्या डेअरीत बाई फिटर एकच, त्यामुळे तिचं काम जो तो भिंगातून बघायचा. एकजण तर उघडच पाण्यात पाहायचा. अपवाद बॉयलरकाकांचा. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. मोठा देह, त्याहून मोठा आवाज. “पोरी, पाना असा धरायचा, भांडण असल्यासारखा नाही. पाइप तुझा दीर नाही,” असं म्हणून त्यांनीच तिला हात कसा ठेवायचा ते शिकवलं होतं. पाइपावर नुसता तळवा टेकवून आतलं पाणी धावतंय का रखडतंय हे त्यांना कळायचं, आणि वर्षभरानं तिलाही कळायला लागलं. एका संध्याकाळी, दिवसपाळी संपता संपता, दुधाच्या मोठ्या टाकीच्या व्हॉल्व्हपाशी तिला एक थेंब दिसला होता. एकच. घरी लेक तापानं फणफणलेली होती, नवऱ्याचा दोनदा फोन येऊन गेला होता. तिनं थेंब बोटानं टिपला, मनाशी म्हणाली, उद्या बघू, आणि पाळीच्या वहीत ‘ठीक’ लिहून निघाली. सकाळी आली तेव्हा व्हॉल्व्हची चकती गेलेली होती, गार पाणी रात्रभर दुधात उतरलं होतं, आणि नऊ हजार लिटर दूध फाटक उघडल्यासारखं गटारात सोडलं जात होतं. पांढरं गटार. तो रंग तिथे इतका चुकीचा होता की लोक कामं सोडून नुसते बघत उभे राहिले होते. चौकशी झाली. वहीत ‘ठीक’ होतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत व्हॉल्व्ह धड होता. रात्रपाळीला कोण, तर बॉयलरकाका. तिला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं ती पुढे कितीतरी महिने स्वतःला सांगत राहिली, आणि हळूहळू तिला उमगलं की न विचारलेलं सांगणं हेच तर सांगणं. काकांना बॉयलरवरून काढून फाटकावर बसवलं. येणारे-जाणारे दुधाचे कॅन मोजायचे. सहा वर्षं कॅन मोजून ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी तिनं त्यांना फुलांचा गुच्छ दिला, आणि ते हसून म्हणाले, “त्या व्हॉल्व्हनं दगा दिला बघ पोरी. नाही तर बॉयलरवरूनच गेलो असतो.” तीही हसली होती. ते हसणं आजतागायत तिला पचलेलं नव्हतं.

चहा गार झाला होता. तिनं तो तसाच बेसिनमध्ये ओतला, पेला धुतला, पालथा घातला. पाय आपोआप दालनाकडे निघाले होते. आधी जाऊन पुन्हा नीट बघू, खात्री करू, मग सांगू, असं मनात होतं. पण मधल्या दाराशी ती थांबली. खात्री झाली नाही तर आपण सांगणार नाही, हे तिला स्वच्छ कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. म्हणून ती दालनात न जाता उजवीकडे वळली आणि थेट इंजिनीअरच्या खोलीत गेली. या जागेचा सगळा भार त्याच्या डोक्यावर. चौतीस-पस्तिशीचा, सडपातळ, घाबरला की चष्मा पुसणारा. आज सकाळपासून काचा इतक्या पुसल्या होत्या की त्या झिजल्या नाहीत हेच नवल.

“सर, तिसऱ्या कपाटामागे माझ्या हातावर थेंब पडला,” ती म्हणाली. एका दमात म्हणाली, कारण मध्ये थांबली असती तर पुढचं वाक्य वेगळं आलं असतं.

त्यानं चष्मा काढला. “कसला थेंब?”

“पाण्याचा.”

“आपलं पाणी? नळीतलं?”

“ते माहीत नाही. मी पुसून टाकला. चूक झाली. नंतर बघितलं तर सगळं कोरडं.”

“म्हणजे नक्की नाही.”

“थेंब नक्की आहे. कुठला ते नक्की नाही.”

तो उठला, बसला, परत उठला. “ताई, चार वाजता माणसं यायचीत. तुम्हीच ‘ठीक’ लिहून दिलंयत ना?”

“दिलंय. म्हणूनच आलेय. तो माझा सांधा आहे. गळत असेल तर माझं नाव सांगा, पण आधी बघू या.”

तो तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता चिडेल. चिडायला हरकतही नव्हती. त्याच्या तोंडचं पाणी तर पळालंच होतं. पण तो चिडला नाही. म्हणाला, “तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं,” आणि हे तो दोषानं म्हणतोय की आभारानं, हे बहुधा त्याचं त्यालाही ठरवता आलं नसावं.

पाण्यात गंज आणि शेवाळ धरू नये म्हणून औषध घातलेलं असायचं आणि ते गुलाबी होतं. मुद्दामच, गळलं तर दिसावं म्हणून. तेव्हा उपाय सोपा होता. तिनं कागदी रुमाल उलगडून त्या सांध्याखाली धरला, इंजिनीअरनं बॅटरी धरली, आणि दोघं कपाटाच्या मागच्या अरुंद बोळात खांद्याला खांदा लावून उभे राहिले. गुलाबी आला तर रांग बंद. पांढरा आला तर काय, हे दोघांनीही ठरवलं नव्हतं. वेळ जाईना. पंखे गेल्यापासून दालन इतकं शांत झालं होतं की नळ्यांतलं पाणी ऐकू येत होतं, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं एका लयीत. तिला जाणवलं की आपल्याला भीती वाटते आहे, पण ती मघाची चहाच्या खोलीतली नाही. मघाची चिकट होती, अंगाला लागून राहणारी. ही कोरडी होती, सरळ. गुलाबी येईल नाही तर येणार नाही. आलाच तर पाना घ्यायचा, कामाला लागायचं. हात दुखायला लागला तरी तिला त्या बोळात जवळजवळ बरं वाटत होतं.

“माझी आई म्हणते, तुझ्यात धीर नाही,” इंजिनीअर एकदम म्हणाला. “दूध तापायला ठेवलं की मी शंभरदा झाकण उघडून बघतो.”

“मग उतू जात नसेल.”

“नाही. पण तापतही नाही.”

ती हसली, आणि तो थेंब तिच्या हसण्यातच पडला. कागदावर एक गोल उमटला, कडेनं पसरत गेला. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. गोल पांढरा होता. साध्या पाण्याचा, कसलाही रंग नसलेला.

“आपलं नाही,” इंजिनीअर म्हणाला, आणि त्याच्या जिवात जीव आल्याचं चष्म्यावरूनही दिसलं. “आपलं नाही ना?”

“आपलं नाही,” ती म्हणाली. “पण मग कुणाचं?”

तिनं रुमाल खिशात टाकला, चढायच्या स्टुलावर उभी राहिली आणि वरच्या मुख्य पाइपावर तळवा टेकवला. पाइप ओला होता. एका जागी नाही, सबंध, बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत. बारीक बारीक कणांचा थर, खालून बॅटरीनं न दिसणारा, आणि तो सरकत सरकत सांध्याच्या कडेला येऊन, गोळा होऊन, मग केव्हातरी एक थेंब. पाइप घामेजला होता. तळव्याला तो स्पर्श लागताच तिला लेकीचं कपाळ आठवलं. कारण काही नाही, हाताला हाताचं आठवत असावं. त्याच तापातली गोष्ट. डेअरीतून धावत घरी आली होती, घाबरून बर्फाच्या पाण्यात फडकी बुडवून पोरीच्या कपाळावर ठेवत होती, जितकं गार तितकं चांगलं असं धरून. पोर कुडकुडायला लागली, दातावर दात वाजायला लागले, ताप आणखीच चढला. तेव्हा खालच्या मजल्यावरची नर्स आली, तिनं बर्फाचं भांडं उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “वहिनी, ताप काढायचाय, गोठवायचं नाहीये. कोमट पाणी घ्या.” कोमट पाण्याच्या पट्ट्यांनी पोर तासाभरात घाम येऊन झोपली होती. ताप उतरला त्याच रात्री, तिकडे दूध नासत असताना. दोन्ही गोष्टी एकाच रात्रीच्या, पण इतकी वर्षं तिनं त्या कधी शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

“सर, पाणी किती गार सोडलंय?” तिनं वरूनच विचारलं.

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला.

“आपलं चोवीस ठरलं होतं. हे चोवीस नाही. हाताला झोंबतंय.”

“चौदा,” तो म्हणाला. “सकाळी केलं. पाहुण्यांना पडद्यावर आकडे दिसणार. म्हटलं, जरा गार दिसावं.”

“आणि फरशी तीनदा ओली, आणि बाहेरची दमट हवा आत यायला दार सताड उघडं.” ती स्टुलावरून उतरली. “गार पेल्याला बाहेरून पाणी सुटतं तसं झालंय. चोवीसला पाइप कोरडे राहतात, म्हणून तर त्यांना वरून काही गुंडाळलं नव्हतं. गळत काहीच नाही. पण हे थेंब खाली विजेच्या जोडावर पडले असते तर चारपर्यंत थांबायची गरजच नव्हती.”

त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, “म्हणजे केल्या कामावर मीच पाणी ओतत होतो.”

“नळीतलं नळीतच आहे, हवेतलं वर जमलं, एवढंच. आता हळूहळू चढवा. एकदम नाही. ताप काढायचा असतो, गोठवायचं नसतं.”

मावशींना बोलावून फडकं बंद करायला सांगितलं, तेव्हा त्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “सकाळी म्हणता पुसा, आता म्हणता पुसू नका. मी काय करू, नुसतं फरशीकडे बघत बसू?”

“दार लावा मावशी,” इंजिनीअर म्हणाला, “आणि खरंच बसा. चहा घ्या. चूक माझीच आहे.” मावशींनी पंचवीस वर्षांत कुठल्या साहेबाच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नसावं. त्यांनी दार इतकं हळू लावलं की जणू आत कुणी आजारी आहे.

तिनं विजेच्या जोडांवर झाकणं घातली, पाइप कोरड्या कापडानं टिपून काढला आणि तळवा टेकवून उभी राहिली. अठरा, वीस, बावीस. हाताखाली धातूचा गारठा हळूहळू ओसरत गेला, आणि चोवीसला, अडीचच्या सुमाराला, पाइप कोरडा ठणठणीत झाला. एकही कपाट बंद करावं लागलं नाही. चार वाजता पाहुणे आले. मुख्य डॉक्टर ठेंगणे आणि चौकस होते. जे ते हातानं चाचपून बघायचे. त्यांनी पाइपाला हात लावला आणि म्हणाले, “गार कुठे आहे हो? हा तर कोमटच लागतोय.”

इंजिनीअरनं चष्म्याकडे हात नेला आणि खाली आणला. “कोमटच हवा,” तो म्हणाला. “आज सकाळी मी जास्त गार केला होता, तर पाइपांना घाम फुटला. आमच्या फिटरताईंनी पकडलं. ताप काढायचा असतो, गोठवायचं नसतं, असं त्या म्हणतात.” डॉक्टर तिच्याकडे वळले आणि म्हणाले, “हे आमच्या नवीन पोरांना सांगायला एकदा या.” आठ कपाटांचं काय ते दुसऱ्या दिवशी कळायचं होतं, पण जाताना डॉक्टर पाइपाला पुन्हा एकदा हात लावून गेले.

पाचला ती सुटली. बाहेर ऊन कलतं होतं, रस्त्यावर शाळा सुटलेली पोरं, भाजीची गाडी, सिग्नलला अडलेल्या बसगाड्या. खांद्यावरची पिशवी हलकी वाटत होती. आज मला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली, ती मनाशी म्हणाली, आणि त्याच क्षणी तिला दिसलं की ती कशाबद्दल मिळाली: न विचारलेलं सांगितल्याबद्दल. मग घरची बस समोर येऊन उभी राहिली तरी ती चढली नाही. नवऱ्याला फोन करून म्हणाली, “मला उशीर होईल. बॉयलरकाकांकडे जातेय.”

“काय झालं? बरे आहेत ना ते?”

“बरे आहेत. मीच जरा बरी व्हायला जातेय,” ती म्हणाली, आणि तिकडून काही उत्तर यायच्या आत दुसऱ्या बसमध्ये चढली.

काका गॅलरीत आरामखुर्चीत बसले होते, मांडीवर रेडिओ. देह उतरला होता, आवाज मात्र तसाच. “अरे, पोरगी आली” हे शेजारच्या दोन्ही घरांना कळलं. काकूंनी खुर्ची दिली. तिनं पाणी घेतलं नाही. म्हणाली, “काका, त्या व्हॉल्व्हनं दगा दिला नव्हता. मी संध्याकाळी थेंब बघितला होता. उद्या बघू म्हटलं आणि वहीत ‘ठीक’ लिहून गेले. तुम्हाला फाटकावर बसवलं तेव्हाही बोलले नाही.”

रेडिओवर कुणीतरी खतांबद्दल बोलत होतं. काका मांडीवरच्या रेडिओवर बोटं फिरवत राहिले.

“सहा वर्षं मी कॅन मोजले,” ते शेवटी म्हणाले. मोठ्यानं नाही.

“हो.”

“लोक जाता-येता म्हणायचे, काका, झोप लागली होती काय? मी म्हणायचो, व्हॉल्व्ह. एकानंही विश्वास ठेवला नाही. पुढे पुढे माझाही बसेना. वाटायचं, लागलीही असेल झोप.”

हे तिला माहीत नव्हतं. लेकीचा ताप तिच्या ओठांवर आला होता, तो तिनं गिळला. काकांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे ओलसर, पण खोल कुठेतरी पेटायला लागलेले, बॉयलर तापायच्या आधी भट्टी पेट धरते तसे.

“म्हणजे मी झोपलो नव्हतो,” ते म्हणाले.

“नव्हता झोपलात.”

“ऐकलंस का गं,” काकांनी आत हाक मारली, “मी झोपलो नव्हतो.” मग ताठ बसून म्हणाले, “हा रेडिओ बंद कर. मला हिला नीट बोलायचंय.”

काकूंनी रेडिओ बंद केला आणि काका सुरू झाले. डेअरीतल्या जुन्या, ठेवणीतल्या शिव्या, घराण्याला न लागणाऱ्या पण माणसाला सोलून काढणाऱ्या. आळशीपणा, भित्रेपणा, वहीवरचं ते ‘ठीक’, निरोपाचा तो गुच्छ, एकेक मुद्दा घेऊन, हात उगारून, भरल्या आवाजात. मध्ये खोकला आला, पाणी प्यायले, जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू. ती मान खाली घालून ऐकत होती. प्रत्येक शब्द खरा होता आणि जिथे बसायचा तिथे बसत होता. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही; उलट घरातल्या मोठ्या माणसानं रागवावं आणि आपण निमूट ऐकावं, असं एक विसरलेलं, लहानपणीचं स्वास्थ्य अंगभर पसरत होतं, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटत होती. पाऊण तासानं काकांचा श्वास भरून आला. ते मागे टेकले. चेहऱ्यावर लाली चढली होती.

“आता दमलो,” ते म्हणाले. “अजून बरंच राहिलंय. उरलेलं रविवारी.”

“किती वाजता येऊ?”

काका विचार करायला लागले, तोवर काकू आतून म्हणाल्या, “साडेपाचला ये. झोपून उठले की त्यांचा आवाज चांगला लागतो.”